रंगीत तालीम: वाचनालयाच्या नेक्स्टक्लाउडची नोंदवही

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

सकाळी पावणेआठला कोषाध्यक्ष काकांचा फोन. "अगं, हिशेबाचं फोल्डर कुणी उडवलं? मला मेल आलीये, बत्तीस फायली डिलीट म्हणून!" हातातला चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. फोल्डर जागच्या जागी, बत्तीसच्या बत्तीस फायली शाबूत.

उडवलं होतं मीच, काल रात्री, माझ्या लॅपटॉपवरच्या साइटच्या प्रतीत. कचरापेटीतून फायली नीट परत येतात का ते बघायचं होतं. सर्व्हरवरून डेटाबेस आणि कॉन्फिग फाइल (सेटिंगची फाइल) जशीच्या तशी आणली होती, आणि त्या फाइलमध्ये मेल सर्व्हरचा पत्ता, युजर, पासवर्ड सगळं होतं. दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या प्रोग्रामने, रांगेतली सूचना इमानदारीत उचलली आणि पाठवून दिली. मेलमधला दुवासुद्धा खऱ्या साइटचा, कारण तो त्याच कॉन्फिगमधून घेतला जातो. काकांना शंका यावी असं त्या मेलमध्ये काही नव्हतंच.

काकांना खरं ते सांगितलं. "म्हणजे तू घरी बसून आमचं काहीही उडवू शकतेस?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला. उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही, आणि उत्तर तयारही नव्हतं.

पार्श्वभूमी दोन ओळींत, म्हणजे पुढे कुणाला ही वही वाचावी लागली तर कळेल. वाचनालयाचं सगळं, म्हणजे सभांची इतिवृत्तं, अनुदानाचे प्रस्ताव, लेखापरीक्षणाची कागदपत्रं, जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन, कार्यक्रमांचे फोटो, भाड्याच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड २७ मध्ये आहे. नेक्स्टक्लाउड म्हणजे आपल्याच सर्व्हरवर फायली ठेवायचा आणि वाटायचा प्रोग्राम, २७ ही त्याची आवृत्ती. २७ चा आधार जूनमध्ये संपला. जायचं आहे ३० वर, जी सप्टेंबरमध्ये आली. एकदम उडी चालत नाही. २८, २९, ३० असं पायरीपायरीने चढावं लागतं. तीन अपग्रेड थेट चालू सर्व्हरवर करायची माझी छाती नाही. म्हणून आधी तालीम, आणि आता कळलं की तालमीचं थिएटर आधी बंद करायला हवं.

रविवार, १० नोव्हेंबर

काल रात्री कागदावर एकच प्रश्न लिहिला: ही प्रत बाहेरच्या जगाशी कुठून कुठून बोलते? वाटलं होतं, मेल आणि झालं. यादी वाढत गेली.

मेल तर आहेच. सभासदांच्या मोबाइलवर जाणाऱ्या सूचना वेगळ्या. त्या मेलने जात नाहीत, नेक्स्टक्लाउडच्या पुश सेवेमार्फत जातात, आणि ज्या फोनांची नोंद डेटाबेसमध्ये आहे ते सगळे फोन आता माझ्या प्रतीलाही ठाऊक आहेत. अ‍ॅप स्टोअर. नव्या आवृत्तीची चौकशी. दुसऱ्या सर्व्हरशी शेअर केलेली फोल्डरं. आणि माझ्याच लॅपटॉपवरचा सिंक करणारा प्रोग्राम, जो चुकून या प्रतीला जोडला गेला तर माझे खरे कागद तिथे ढकलेल.

एकेक बटण बंद करत बसायचं नाही असं ठरवलं. एखादं राहतंच. तारच तोडायची, आणि मग बटणंही बंद करायची.

ही प्रत डॉकरमध्ये चालते, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात, कंटेनरमध्ये. डॉकरमध्ये नेटवर्क बनवताना ते 'इंटर्नल' असं जाहीर करता येतं. त्यातल्या कंटेनरना बाहेर जायला वाट नसते. नेक्स्टक्लाउड, मारियाडीबी (डेटाबेस), रेडिस (तात्पुरती साठवण) आणि क्रॉन हे चौघे त्या नेटवर्कमध्ये कोंडले. मग लक्षात आलं की मलाही आत जाता येईना, कारण अशा नेटवर्कमधल्या कंटेनरचं पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, बाहेर काढता येत नाही. म्हणून मध्ये कॅडी नावाचा वेब सर्व्हर बसवला, एक पाय आतल्या नेटवर्कमध्ये, एक बाहेरच्या. आत-बाहेर करणारा तो एकटाच, आणि तो फक्त आतल्या पानांची ने-आण करतो. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रही तोच स्वतःचं स्वतः बनवतो.

पोर्ट उघडताना पुढे १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हाच लॅपटॉप) लिहायला विसरायचं नाही. नुसतं पोर्ट लिहिलं तर डॉकर ते सगळ्या पत्त्यांवर उघडतो आणि स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, घालतो. यूएफडब्ल्यूची फायरवॉल लावलेली असली तरी ती बघत राहते आणि पाहुणे मागच्या दाराने आत. वाचनालयाच्या वाय-फायवर दिवसभर पोरं असतात.

पत्त्याला शेवट '.टेस्ट' असा दिला आणि होस्ट्स फाइलमध्ये (नावाला पत्ता जोडणारी लॅपटॉपवरची यादी) एक ओळ घातली. हे नाव १९९९ पासून चाचण्यांसाठीच राखून ठेवलेलं आहे, इंटरनेटवर ते कुणालाच मिळणार नाही. '.देव' (dev) वापरायची जुनी सवय होती, पण ते आता गूगलचं खरंखुरं डोमेन आहे. '.लोकल' हे नाव घरच्या नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना शोधायला वापरतात, ते घेतलं तर घरातला प्रिंटरसुद्धा मधे बोलतो.

मेलसाठी मेलपिट हा चाचणीचा मेल सर्व्हर, तोही आतच. १०२५ वर मेल घेतो, ८०२५ वर दाखवतो, पुढे कुठेही पाठवत नाही. खऱ्या कॉन्फिगमधला मेलचा पासवर्ड पुसूनच फाइल आणली. पण मीठ आणि गुपित, म्हणजे पासवर्डसॉल्ट आणि सीक्रेट, ही दोन मूल्यं तशीच ठेवावी लागतात. ती बदलली तर जुने पासवर्ड आणि साठवलेली टोकनं उघडत नाहीत.

पाहिलं उघडून. पान आलं, लॉग-इन केलं, आणि वरच्या पट्टीत पत्ता बघते तर खरी साइट! कॉन्फिगमध्ये 'ओव्हरराइट-होस्ट' होतं, म्हणजे साइटचा पत्ता ठरवून देणारी ओळ, त्याने मला अलगद नेऊन खऱ्या सर्व्हरवर सोडलं होतं. परवा रात्री मी ज्या आत्मविश्वासाने फोल्डर उडवलं, त्याच आत्मविश्वासाने आज उडवलं असतं तर.

ती ओळ काढली. आणि लगेच चाचणीच्या प्रतीचा रंग भडक लाल केला, नाव ठेवलं 'तालीम'. ओसीसीच्या, म्हणजे नेक्स्टक्लाउडच्या टर्मिनलवरच्या साधनाच्या, दोन आज्ञांचं काम. नाटकवाले रंगीत तालीम म्हणतात ती काही यासाठी नाही, पण शब्द जमला.

बुधवार, १३ नोव्हेंबर, रात्री

कोंडलं आहे असं म्हणणं वेगळं आणि तपासणं वेगळं. नेक्स्टक्लाउडच्या कंटेनरमध्ये शिरून बाहेरच्या एका पानाची मागणी केली. नकार. छान. मग सहज म्हणून नुसतं नाव विचारलं, अमुक डोमेनचा पत्ता काय? आणि उत्तर आलं!

म्हणजे दाराला कुलूप, पण खिडकीतून रस्त्यावरच्या माणसाला पत्ता विचारता येतोय. तासभर शोधल्यावर कळलं की ही डॉकरमधली माहीत असलेली चूक आहे, सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-२९०१८. माझ्या लॅपटॉपवरच्या उबंटू लिनक्समध्ये नावांचे पत्ते शोधून देणारा प्रोग्राम लॅपटॉपच्याच आत १२७.०.०.५३ वर बसतो. डॉकर आतल्या कंटेनरचे प्रश्न लॅपटॉपच्या बाजूने त्याच्याकडे पुढे करायचा, नेटवर्क 'इंटर्नल' असलं तरी. यंदा मार्चमध्ये २६.०.०, २५.०.४ आणि २३.०.११ मध्ये दुरुस्त झाली. माझ्याकडे २४ ची मालिका. डॉकर २७ घातलं, पुन्हा विचारलं, आता उत्तर नाही.

वाय-फाय बंद करून काम भागलं नसतं का? भागलं असतं, वाय-फाय पुन्हा सुरू करेपर्यंत. रांगेत बसलेल्या सूचना तेवढीच वाट बघत असतात.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज डेटा. सर्व्हरवर १६२ जीबी, लॅपटॉपवर मोकळे ७०. शिवाय सभासदांची आधार कार्डं, काकांचे धनादेश, हे सगळं माझ्या लॅपटॉपवर घेऊन फिरायची इच्छा नाही. हरवला तर उत्तर मला द्यावं लागेल.

पण चार नमुन्याच्या फायली टाकून तालीम करण्यातही अर्थ नाही. आमच्याकडची भानगड मजकुरात नसते, नावांत असते. बारा वर्षांत बारा जणांनी आपापल्या पद्धतीने दिलेली नावं.

मग हे सुचलं. सर्व्हरवर 'फाइंड' चालवून प्रत्येक फाइलचं नाव, आकार आणि बदलल्याची वेळ एवढीच यादी काढली. लॅपटॉपवर त्या यादीतून तशीच फोल्डरं, तशाच फायली उभ्या केल्या, पण 'ट्रंकेट'ने, म्हणजे आकार खरा आणि पोटात काही नाही. लिनक्स अशा फाइलला डिस्कवर जागाच देत नाही. शेवटी 'टच'ने वेळा जुळवल्या, मालकी वेब सर्व्हरच्या युजरला, म्हणजे क्रमांक ३३ ला दिली. यादीत दोन नावांच्या मध्ये मूल्य शून्य असलेला बाइट विभाजक म्हणून घ्यायचा; नावात नवी ओळ घुसलेली फाइल असूच शकत नाही असं मी म्हणत होते, तशी एक निघाली.

आता 'एलएस'ने (फाइलचा नोंदलेला आकार) बघितलं तर १६२ जीबी, 'डीयू'ने (डिस्कवर खरी व्यापलेली जागा) बघितलं तर ३९ एमबी. गणपतीच्या देखाव्यातला राजवाडा. पुढून बघा, आत जाऊ नका.

आत कुणी जाऊ नये म्हणून पूर्वदृश्यं (फोटोंच्या छोट्या झलका) बंद केली, नाहीतर रिकाम्या फोटोंवर नेक्स्टक्लाउड डोकं आपटत बसतं आणि लॉग भरतो. मजकूर उघडून बघण्यासाठी माझ्या स्वतःच्या दहा-बारा फायली वेगळ्या टाकल्या.

डेटाबेसची प्रत मात्र पूर्ण. काढताना वर्णसंच यूटीएफ-८-एमबी-४ स्पष्ट सांगायचा. न सांगता काढलेल्या प्रतीत मराठी शाबूत राहील, कारण देवनागरी तीन बाइटांत बसतं. पण चार बाइटवाल्या इमोजींच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. वाढदिवसाच्या फोल्डरांना केक लावणारे सभासद आमच्याकडे कमी नाहीत.

रविवार, १७ नोव्हेंबर

आजचा दिवस एका अक्षराने खाल्ला. ऱ.

राजवाडा उभा झाल्यावर 'फाइल्स स्कॅन' चालवलं, डिस्कवरच्या फायली नेक्स्टक्लाउडला नव्याने बघायला लावणारी आज्ञा. पडद्यावर भराभर ओळी: अमुक नोंद विसंगत एन्कोडिंगमुळे वापरता येणार नाही. ४३ फोल्डरं. 'दुसऱ्या सभेचे फोटो', 'तिसऱ्या मजल्याचे काम', 'किनाऱ्यावरची सहल'. सर्व्हरवर मी हे नेहमी गुपचूप चालवते, उत्तर न दाखवता. आमचे फोटो काढणारे दादा दोन वर्षं म्हणत होते की सहलीचे फोटो साइटवर दिसत नाहीत, आणि मी म्हणत होते की तुम्ही टाकलेच नसतील.

या सगळ्यांत ऱ आहे, अर्ध्या रूपात, य ला चिकटलेला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एक सबंध अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन खुणांनी. दिसायला दोन्ही सारखे. नेक्स्टक्लाउड नावं सबंध रूपात आणून ठेवतो. दादांची जुनी बाहेरची डिस्क मॅकच्या एचएफएस-प्लस पद्धतीची, आणि ती पद्धत नावं फोडून ठेवते. तिच्यावरून फोटो थेट सर्व्हरच्या डिस्कवर मीच चढवले होते, २०२१ साली. डिस्कवर र आणि नुक्ता, नेक्स्टक्लाउड शोधतोय ऱ. सापडणार कुठून?

गंमत अशी की हिंदीतल्या ड़, ज़, फ़ यांना हा त्रास होत नाही. युनिकोडने त्यांना जोडलेल्या रूपातून वगळलेलं आहे, त्यामुळे दोन्ही पद्धतींत ते फोडलेलेच राहतात. अडकतो तो आपला ऱ. हिंदी वाचनालय चालवणाऱ्या माणसाला हे आयुष्यात कळणार नाही.

'कॉनव्हीएमव्ही' नावाच्या छोट्या हत्याराने नावं सबंध रूपात आणली. ते आधी नुसतं काय करणार ते सांगतं, खरं करायला वेगळं बजावावं लागतं. ही सवय सगळ्या हत्यारांना हवी. पुन्हा स्कॅन. ४० आली. उरलेली तीन?

त्यांत ऱ नव्हताच, साधा र होता, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून अर्धा केलेला. जुन्या कळफलकांवर आपण असंच लिहायचो. डोळ्याला तोच 'ऱ्य'. ती फोल्डरं साइटवर होती, पण शोधात 'दुसऱ्या' लिहिलं की येत नव्हती. शोधाला ही दोन वेगळी नावं वाटतात. ही नावं हातानेच बदलली. मग स्कॅनच्या यादीत ती का होती? नव्हतीच, मी ४३ मोजताना शोधातून गहाळ असलेली तीन त्यात धरली होती. रविवारी रात्री अकरानंतर बेरीज करू नये.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी सातला जाऊन आले, शाई लावून बसले अपग्रेडला.

मुद्दाम आधी चुकीचं केलं: २७ च्या डेटावर थेट २९ ची प्रतिमा, म्हणजे कंटेनर ज्यातून उठतो तो तयार साचा. कंटेनरने उठायलाच नकार दिला, एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढता येते असं स्पष्ट सांगून. डेटा हलला नव्हता. हे बघून ठेवणं गरजेचं होतं, कारण खऱ्या दिवशी घाईत आकडा चुकू शकतो.

मग २८. प्रतिमा बदलली, कंटेनर उठला, स्वतःच फायली बदलल्या, डेटाबेस बदलला आणि शेवटी बंद पडलेल्या अ‍ॅपांची यादी दिली: कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स, डेक. नव्या आवृत्तीला चालणारी अ‍ॅपं स्टोअरमधून आणायची असतात आणि स्टोअरला जायची वाट मीच कापली आहे. कोंडण्याची ही किंमत. क्षणभर मोह झाला, पाच मिनिटं नेटवर्क उघडावं, अ‍ॅपं घ्यावीत, बंद करावं. पाच मिनिटांत क्रॉन एकदा चालतो.

अ‍ॅपांच्या गठड्या दुसऱ्या ब्राउझरने उतरवल्या, कस्टम-अ‍ॅप्स फोल्डरमध्ये हाताने सोडल्या, सुरू केल्या. प्रत्येक पायरीला वेगळ्या गठड्या. कंटाळवाणं, पण यातून खऱ्या सर्व्हरसाठी नेमकी यादी तयार झाली.

दुपारी मोठी फजिती. २८ ची स्थिती जपून ठेवावी म्हणून सगळ्याची टार फाइल (सगळं एकत्र बांधलेली एकच फाइल) करायला घेतली आणि जेवायला गेले. परत आले तर लॅपटॉप ठप्प, डिस्क भरलेली. टारला 'पोकळ फायली पोकळच ठेव' असं सांगायचं राहिलं होतं; ते बिचारं देखाव्याच्या राजवाड्यातली १६२ जीबी शून्यं प्रामाणिकपणे लिहीत होतं. मोठ्या एस चा पर्याय दिल्यावर तीच फाइल काही एमबींत.

२९ आणि ३० बिनबोभाट. मेलपिटमध्ये १९ मेल साचल्या होत्या. त्यातली एक काकांना: 'आपल्या फोल्डरमधून फाइल काढली गेली.' तिच्याकडे थोडा वेळ बघत बसले.

रविवार, २४ नोव्हेंबर

लॅपटॉप घेऊन वाचनालयात. काका आणि ग्रंथपाल ताई या दोघांनाच बसवलं, लाल पानासमोर. "यात काहीही करा, काही होत नाही," म्हटलं. काका आधी हात लावायला तयार नाहीत. मग त्यांनी हिशेबाचं फोल्डर उडवलं, माझ्याकडे बघितलं, खिशातला मोबाइल काढून पाहिला. काही आलं नाही. तेव्हा कुठे हसले.

ताईंची तक्रार जुनी: एक फाइल कधीच चढत नाही. पेन ड्राइव्हवर घेऊन आल्या होत्या. नाव असं: 'सन २०२३-२४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि मंजूर ठरावांची अंतिम स्वाक्षरीची प्रत', पुढे टिंब पीडीएफ. लाल पानावरही नाही चढली, नाव फार लांब म्हणून.

ताई म्हणाल्या, संगणकावर तर चालतं. चालणारच. विंडोज खुणा मोजतं, त्या ९५, मर्यादा २५५. नेक्स्टक्लाउड बाइट मोजतो आणि २५० च्या पुढे घेत नाही. कागदावर मांडून दाखवलं: देवनागरी खुणा ७८, प्रत्येकीला तीन बाइट, झाले २३४. मोकळ्या जागा १२, आडवी रेघ एक, टिंबासह पीडीएफ चार. एकूण २५१. आणि खुणा म्हणजे अक्षरं नव्हेत. 'ग्रामपंचायत' डोळ्याला सहा अक्षरं, आत अकरा खुणा, तेहतीस बाइट.

एका बाइटने अडलेली फाइल. ताईंनी 'आणि' खोडून 'व' केलं. सहा बाइट वाचले, चढली. "सरकारी मराठी बरी की मग," त्या म्हणाल्या.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सगळं मोडलं आणि २७ च्या प्रतीपासून पुन्हा एकदा सलग ३० पर्यंत, फक्त वहीत बघून, डोकं न वापरता. एक तास ५० मिनिटं. दोन ठिकाणी वही अपुरी होती, तिथे भर घातली. हे मोडताना कंपोजला, म्हणजे डॉकरचे कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाला, व्हॉल्यूमसकट (डेटासकट) पाड म्हणून सांगावं लागतं. ती आज्ञा देण्याआधी टर्मिनलवर कुठलं यंत्र आहे ते मोठ्याने वाचते. लॅपटॉप. बरं.

रविवार, १ डिसेंबर

पहाटे साडेपाचला खरा सर्व्हर. देखभाल मोड, डेटाबेसची प्रत, सर्व्हर पुरवठादाराकडचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत). नावं आधी दुरुस्त केली, मग २८, २९, ३०. तालमीत न दिसलेली एकच गोष्ट: डेटाबेसचे राहिलेले इंडेक्स (शोधसूची) घालायला लॅपटॉपवर दोन मिनिटं लागली होती, इथे चौदा. भाड्याची डिस्क संथ आहे. नवव्या मिनिटाला हात शिवशिवत होते, पण बसून राहिले. आठ वाजता सुरू.

दादांना सहलीच्या फोल्डरचा दुवा पाठवला, सोबत माफीही.

साडेदहाला काकांचा फोन. "अगं, माझ्याकडे पान लाल नाही दिसत. निळं आहे. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, काका. आता जपून."